मालक बाहेरगावी, सबब परत

आमच्या घरात खळीचं पातेलं वेगळं होतं. त्याच्या कडीला आईनं लाल चिंधी बांधून ठेवली होती, कारण खळीत मोरचूद पडायचा, आणि मोरचूद पोटात गेला तर माणूस सरळ वरच जातं हे ती दर खेपेला नव्यानं सांगायची. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत बसायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना मोरचुदाची चिमूट टाकायची, म्हणजे चिकटवलेल्या कागदाला कसर लागत नाही. शेजारच्या शेगडीवर हुलग्याची पिठी रटरटत असायची. पिठीच्या वासात खळीचा वास मिसळला की मला समजायचं, आज बाबांनी पाकिटं आणली आहेत, आणि माझा जीव आंबायचा. बारावी झाली होती, डी.एड.चा नंबर लागायचा होता, आणि रिकाम्या पोरीला काम देण्याइतकं सोपं दुसरं काही नसतं.

बाबा पौडला एका सरकारी कचेरीत जावक टेबलावर कारकून होते. कचेरीतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. आम्ही मूळचे बार्शीकडचे. बदली झाली तेव्हा पौडात मनाजोगती जागा मिळाली नाही म्हणून माण या गावी दोन खोल्या घेतल्या आणि बाबा रोज एसटीनं जा-ये करू लागले. त्या दिवसांत कंपन्यांसाठी जमिनी घेण्याचं काम सुरू होतं आणि एकेका गटाच्या नोटिसा निघत होत्या. कचेरीत बसून इतकी पाकिटं होणं शक्य नव्हतं, म्हणून बाबा ती घरी आणत. नोटिसा कचेरीतच राहात, घरी येत ती फक्त पाकिटं आणि नावांची यादी. "टपाल घरी न्यायला बंदी आहे," ते म्हणत, "पण रिकाम्या पाकिटाला कोण टपाल म्हणतं?" नियमाच्या बाबतीत बाबा असे होते. मोडायचे नाहीत, पण त्याच्या कडेकडेनं कुठवर चालता येतं ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

आणि पाकिटं नवी नसत. पाकीट फाटेपर्यंत वापरायचं, असा रिवाज होता. कचेरीत आलेलं जुनं पाकीट कडेनं उघडायचं, त्याच्यावरच्या पत्त्यावर कागदाची पांढरी स्लिप चिकटवायची आणि तिच्यावर नवा पत्ता लिहायचा. त्या स्लिपेखाली कुणाचा तरी पत्ता असायचा, कधी त्याच्याखाली आणखी एक. आई स्लिपा कापायची, मी पत्ते लिहायची, बाबा यादीशी ताडून बघायचे. अक्षर गोल आणि सुटं हवं, नाव सातबाऱ्यावर आहे तसंच हवं. सातबाऱ्यावर आहे तसं म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यातली निम्मी माणसं मेलेली होती. गेल्यावर नाव कमी करून वारसांची नावं लावायची असतात, पण पोटापाण्याच्या धांदलीत कोण तलाठ्याकडे खेटे घालणार? त्यामुळं आजे-पणजे सगळे कागदावर सुखानं नांदत होते. मी त्यांना "श्री." लावून पत्ते लिहीत होते, आणि पोस्टमन त्यांना शोधत दारोदार हिंडणार होता.

मी लिहिताना नाव मोठ्यानं उच्चारायची. शाळेची सवय. एका संध्याकाळी आईनं हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "दिवा लागल्यावर त्यांची नावं तोंडानं घेऊ नकोस. हाक मारल्यासारखं होतं." बाबा हसले, पण त्यांनीही पुढं यादी वाचताना आवाज काढला नाही. तेव्हापासून आमच्या घरात दिवेलागणीनंतर नुसता पेनाचा आणि खळीच्या ब्रशचा आवाज असे. मी घाबरट नव्हते. तरी अंथरुणावर पडलं की ती नावं एकेक करून यायची आणि काही न बोलता उभी राहायची, रांगेत, कचेरीत उभी राहतात तशी. आजही माझ्या नेऱ्याच्या फ्लॅटवर कुरिअर आलं की छापील चिकटपट्टीच्या खाली आधीचं काही आहे का, हे मी नखानं उचकटून बघते. मुलगा म्हणतो, आई, तुला काय सापडायचं आहे तिथं?

आमची घरमालकीण सखुमावशी. नात्याची नव्हे, पण मी पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत आले. धनगराचं घर. मागं मेंढरांचा वाडा, पुढं आमच्या दोन खोल्या, मधल्या पडवीत ती स्वतः, आणि भिंतीला भिंत लावून तिच्या दिराचं, बबनचं, बिऱ्हाड. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर लुगडं आणि आवाज असा की गाडीरस्त्यावरचं कुत्रंसुद्धा वळून बघावं. तिचा नवरा मेंढरं घेऊन ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेला होता. दिवाळीनंतर जायचं आणि पावसाआधी वर यायचं, ही त्यांची दरसालची रीत. त्या खेपेला घाट चढताना एक मेंढी मागं राहिली, ती आणायला तो वळला. धुकं होतं. कळप वर आला, कुत्री आली, सोबतची माणसं आली. मेंढी दुसऱ्या दिवशी आपली आपण आली. तो आला नाही. आम्ही राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं होऊन गेली होती, आणि मावशी ती अशी सांगायची की जणू परवाच घडलं. तिला नवरा मेला असं कुणी म्हटलेलं खपायचं नाही. म्हणणाऱ्याशी ती बोलणं टाकायची. बबनशी तिचं बोलणं त्यावरूनच बंद होतं.

संध्याकाळी मेंढरं कोंडून झाली की मावशी आमच्यात येऊन बसे. तिला रिकामं बसवत नसे. आईच्या हातातला ब्रश घेऊन तीच स्लिपा चिकटवू लागली, आणि आमच्यापेक्षा नीट. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं काम तळव्यानं स्लिप दाबायचं. तसं करताना तिच्या मनगटाच्या वरचं गोंदण दिसे. तिथं हिरव्या अक्षरांत नवऱ्याचं नाव होतं. ते नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं, बायका घेत नाहीत, पण लग्नात गोंदवून घेतलेलं ते नाव तिच्या रोजच्या बघण्यातलं होतं.

एके दिवशी तिनं चिकटवलेलं पाकीट परत उचललं. हात पाकिटाशेजारी ठेवला, एकदा हाताकडे, एकदा पाकिटाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "पोरी, ह्ये ह्यांचं नाव हाय न्हवं?"

ते होतं. गेणू रामा. यादीतून मी न बघता उतरवत गेले होते.

"मंग ह्याच्या म्होरं ह्ये काय लिव्हलंय? माज्या हातावर तर न्हाई."

नावाआधी "मयत" असं लिहिलेलं होतं, आणि खाली "तर्फे वारस". यादीत तसंच होतं. बबननं तलाठ्याला जाऊन सांगितलं असणार, भाऊ गेला, आता वारस मी आणि वहिनी. त्याला मोबदल्याचं काम एकदाचं उरकायचं होतं. मी आईकडे पाहिलं, आई बाबांकडे. त्या बघण्यावरूनच मावशीला समजलं. तिनं पाकीट खाली ठेवलं नाही. छातीशी धरलं आणि म्हणाली, "कुणी बगितला का मेलेला? मड्याला खांदा कुणी दिला? मला दाखवा तो मानूस. मी हितंच कुकू पुसते."

बाबा चष्मा पुसत होते. नियमाचा माणूस पेचात सापडला की चष्मा पुसतो. मग त्यांनी विचारलं, "मावशी, दाखला आहे का?"

"कशाचा?"

"मृत्यूचा. ग्रामपंचायतीचा."

"न्हाई. कुटनं आसंल?"

"मग कागदोपत्री जिवंत. यादी चूक आहे." आणि त्यांनी त्या स्लिपेवर दुसरी स्लिप चिकटवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवून यादीही दुरुस्त करून घेतली. मी नव्या स्लिपेवर "श्री. गेणू रामा" लिहिलं, तेव्हा मावशी इतकी जवळ वाकली होती की तिच्या लुगड्याचा मेंढरांचा वास मला येत होता. बाबांचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी वाटला नाही. नियमाला माया असते हे मला नव्यानं कळलं होतं. त्या मायेचं पुढं काय होणार होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. रजिस्टर पाकीट ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं असतं. आमचा जुना पोस्टमन गावातलाच, सगळं जाणणारा. तो मावशीच्या दाराशी आला, पाणी प्यायला आणि पाकिटावर शेरा मारून गेला. काही दिवसांनी पाकीट पौडच्या कचेरीत परत आलं आणि बाबांनी ते संध्याकाळी घरी आणून मावशीला वाचून दाखवलं. "मालक बाहेरगावी, सबब परत."

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

बाबांनी पुन्हा वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. सरकारचा माणूस लिहून देत होता की तिचा नवरा गावाला गेला आहे. इतकी वर्षं सगळं गाव जे बोलायला तयार नव्हतं ते तिला शिक्क्यानिशी मिळालं. त्या दिवशी तिनं आम्हाला चिकाचा खरवस दिला, वेलदोडा घातलेला, आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं हसली.

मग ते चालूच राहिलं. नोटीस लागू झाल्याखेरीज नवऱ्याच्या नावच्या जमिनीच्या तुकड्याचा निकाल होत नव्हता. दर काही महिन्यांनी नवी तारीख पडे, मी त्याच पाकिटावर नवी स्लिप लावून तेच नाव लिही, पाकीट जाई आणि तोच शेरा घेऊन येई. स्लिपेवर स्लिप चढून ते पाकीट पुठ्ठ्यासारखं जाड झालं होतं. पहिल्यांदा मला गंमत वाटली, मग नकोसं व्हायला लागलं. आजूबाजूच्या जमिनींना तारेची कुंपणं पडली, रस्ते आखले गेले, मेंढरांना चरायला दूर न्यावं लागू लागलं, आणि मधोमध मावशीचा तो तुकडा तसाच. दर खेपेला "श्री." लिहिताना मला वाटे, आपण कोणाला तरी घाटातच उभं करून ठेवलं आहे. त्याला ना वर येऊ देतोय, ना जाऊ देतोय. आईला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "तू तिला सांगून बघ." मी सांगितलं नाही. कोण सांगणार होतं?

बबनला हे सगळं दिसत होतं. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. तीन लेकरं, ढासळलेली मेंढपाळी, रोजंदारी. त्याला जमीन जाणार याचं दुःख होतंच, पण ना जमीन ना मोबदला असं लटकत राहण्याचा त्याला वीट आला होता. मावशी मेंढरांमागं गेली की पडवीत येऊन तो आईला म्हणायचा, "वैनी, तुमी तरी समजावा तिला. मेल्यालं मानूस किती दिस जगवायचं?"

जुना पोस्टमन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पुण्याकडचा एक तरुण आला. गावात कोण कोणाचा हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या खेपेला पाकीट परत आलं नाही. पोचपावती आली.

बाबा घरी आले ते टोपीही न काढता पडवीतच उभे राहिले. पोचपावतीवर निळा अंगठा होता. त्यांनी पौडहून येताना वाट वाकडी करून पोस्टमनला गाठलं होतं. तो म्हणाला, चहाच्या टपरीपाशी नाव पुकारलं, तेव्हा एक बाप्या पुढं आला, म्हणाला मीच गेणू रामा, आणि त्यानं अंगठा दिला. पुण्याच्या मोठ्या कचेरीत सुनावणीची तारीख होती. पाकीट घेणारा तिथं येणार.

आईनं खुणेनं बाबांना गप्प करायला पाहिलं, पण मावशी वाड्याच्या फाटकाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. फाटक उघडं टाकून ती तशीच चालत आली आणि पोचपावतीवरच्या अंगठ्यावर तिनं स्वतःचं बोट ठेवलं. "आलं जनू," एवढंच म्हणाली. मागं मेंढरं वाड्याबाहेर पांगत होती आणि ती वळून बघत नव्हती. आम्हाला तेव्हाच बबनचं नाव सुचायला हवं होतं. बाबांना सुचलं होतं, असं ते पुष्कळ वर्षांनी म्हणाले. पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांची जीभ उचलली नाही.

सुनावणीला मावशीबरोबर बाबा आणि मी गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवले होते, आणि फडक्यात भाकरी बांधून घेतल्या होत्या, आमच्या तिघांना पुरून उरतील इतक्या. एसटीत तिनं एकदाच विचारलं, "मी लई म्हातारी दिसतीया का ग?" मी नाही म्हटलं. ते खोटं होतं आणि तिला ते कळलं.

मोठ्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकं होती आणि बाकांवर आपापल्या गावची माणसं. दाराशी उभा असलेला शिपाई यादी बघून एकेक नाव पुकारत होता. प्रत्येक नाव तीनदा पुकारायचं, कोणी उठलं नाही तर खूण करून पुढं जायचं. भर दुपार होती, तरी मला आमच्या घरातली दिवेलागण आठवली, आणि आईनं कात्री खाली ठेवून सांगितलेलं. ही सगळी माझ्या पाकिटांवरची नावं होती. पुकारा झाला की कुणातरी म्हाताऱ्याचा मुलगा किंवा नातू संकोचून उभा राही. ज्या नावांना कोणीच ओ देत नव्हतं, त्यांच्यासाठी शिपाई तिसऱ्यांदा ओरडून अंमळ थांबे.

"गेणू रामा हाजिर है?"

मावशीनं माझं मनगट धरलं.

"गेणू रामा हाजिर है?"

"हाजर," व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला.

तो आवाज ओळखीचा होता. मला कुणाचा ते लगेच सुचलं नाही, तिला मात्र नवऱ्याचाच वाटला. भावा-भावांचे आवाज सारखे असतात, आणि त्याचा आवाज तिनं वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला, नवरा समोर आल्यावर बायकांचा जातो तसा. ती उठली. तिचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि मला तो आजवर विसरता आलेला नाही. तो चेहरा म्हातारा नव्हता. खांबाआडून बबन पुढं आला, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, भावासारखं दिसावं म्हणून. आम्हाला बघून जागच्या जागी खिळला.

मग शिपाई वैतागून म्हणाला, "चला आत, साहेब थांबलेत." आणि बबन आत गेला, कारण माघार घ्यायला त्याला तोंड राहिलं नव्हतं. मावशी त्याच्यामागून गेली. आम्ही दारात थांबलो.

साहेबांनी विचारलं, "गेणू रामा तुम्हीच?" बबन खाली बघत राहिला. मावशी म्हणाली, "ह्यो न्हवं. ह्यो माजा दीर हाय."

"मग गेणू रामा कुठं आहेत?"

तिला तेव्हाही म्हणता आलं असतं, बाहेरगावी. मला वाटलं ती तेच म्हणेल. बाबांनाही वाटलं असावं, ते पुढं झाले होते. पण ते उत्तर आता तिच्याजवळ नव्हतं. ज्याला तिनं जिवंत ठेवलं होतं त्याच्या नावानं दुसराच माणूस उठून उभा राहिला होता, आणि पुढच्या तारखेलाही उभा राहील, अंगठे देईल, तिचा नवरा म्हणून जमीन देऊन मोकळा होईल. ह्या एका माणसाला खाली बसवायचं तर त्या दुसऱ्याला जाऊ देणं भाग होतं. तिला हे कोणी समजावून सांगितलं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, जबाब लिहून घ्यायचा आहे. नवऱ्याचं नाव सांगा." तिनं हात लांब करून गोंदण दाखवलं. साहेब बरे होते, पण म्हणाले, "तोंडानं सांगावं लागतं."

"गेणू रामा," मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "मेला. घाटात. लई वर्सं झाली."

बबन तिथंच भुईवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. त्याचा भाऊ होता तो. साहेबांनी तोतयेगिरीचं काही करायचं का म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाली, "त्येची लेकरं ल्हान हाईत." नवी नोटीस वारसांच्या नावे काढावी, असं ठरलं. बाकीच्या कागदांची पूर्तता पुढं होत राहिली. परतीच्या वाटेवर स्टँडवर बसून तिनं फडकं सोडलं आणि सगळ्यांना भाकरी वाटल्या, बबनलाही. शिळ्या होतील म्हणाली.

नव्या नोटिशीचं पाकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी आलं. मावशीचं कपाळ मोकळं होतं. तिनं कुंकू केव्हा पुसलं, कोणी पाहिलं, आम्ही विचारलं नाही. आईनं खळ केली. मी स्लिपेवर लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला हात थांबला. मला ते लिहवेना. मी पेन खाली ठेवून रडायला लागले, तेव्हा मावशीनं पेन उचलून परत माझ्या हातात दिला.

"लिव्ह, पोरी. नीट लिव्ह. वाकडं नको."

मी लिहिलं. मयत गेणू रामा, तर्फे वारस, पत्नी सखुबाई. तिनं मागून खळ लावली, स्लिप बसवली आणि तळव्यानं मधून कडांकडे दाबत गेली, हवेचा एक फुगा राहू दिला नाही. मग बाबांकडे पाहून तिनं विचारलं, "आता ह्ये माघारी न्हाई ना येनार?"

बाबांनी चष्मा काढला. "नाही मावशी," ते म्हणाले. "आता नाही येणार."

तिनं मान हलवली, पातेल्यातली उरलेली खळ बोटानं निपटली आणि विचारलं, "पुडचं कुनाचं?"